करंगळीबाई आणि कार्डावरची खूण

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर, आया, लिफ्टवाला, एवढंच काय, दुसऱ्या खेपेला आलेल्या बायकासुद्धा तिला करंगळीबाईच म्हणायच्या. एकतीस वर्षं तिने तिथे नर्स म्हणून काढली आणि तिच्या पाळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या तोंडात पहिलं बोट गेलं ते तिचं, उजव्या हाताची करंगळी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या करंगळीचं नख ती अजून दर दोन दिवसांनी मांसापर्यंत कापते. कुणी विचारलं तर म्हणते, "जित्याची खोड गं, दुसरं काय!"

या नखामागे एक गोष्ट होती. ती नवीन लागली तेव्हा वॉर्डात एक म्हातारी दाई होती. दाईने आपल्या करंगळीचं नख वाढवून, घासून, पात्यासारखं केलं होतं. एखाद्या बाळाची जीभ खाली चिकटलेली दिसली की ती कुणाला न विचारता बोट आत घालायची आणि जिभेखालची दोरी नखाने फाडून मोकळी व्हायची. आपण उपकारच करतोय अशी तिची समजूत होती, कारण तिच्या आईनेही जन्मभर तेच केलं होतं. मग एका बाळाचं तोंड सुजलं, ताप चढला, आठ दिवस ते काचेच्या पेटीत पडून राहिलं. बाळ वाचलं. पण मोठ्या सिस्टरने दाईला सगळ्या वॉर्डासमोर स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने ते नख कापलं. दाई लहान मुलीसारखी रडली. मोठी सिस्टर नव्या मुलींकडे वळून म्हणाली, "बोट बघायला असतं, कापायला नाही. चला, नखं दाखवा सगळ्यांनी."

तेव्हापासून करंगळीबाईचं नख कधी वाढलं नाही. हात कोपरापर्यंत धुवायचे. करंगळीचा मऊ भाग टाळूकडे ठेवून बाळाला चोखू द्यायचं. मग बोट वळवून जिभेखालून या गालापासून त्या गालापर्यंत अलगद सरकवायचं. जीभ मोकळी असली तर बोट सरळ जातं, दोरी आखूड असली तर मध्येच अडतं. बाळ रडायला लागलं की जिभेचं टोक वर उचलतं का आणि टोकाला मधोमध खाच पडते का, हेही बघून घ्यायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात ती बाळाशी गप्पाही मारायची. "काय साहेब, झाला का प्रवास? तोंड उघडा बघू, तिकीट तपासायचंय."

तरी दोरी सापडली म्हणून तिने कधी आरडाओरडा केला नाही. तिचा एकच नियम होता: आधी पाजणं बघायचं, मग जीभ. एकदा एक बाप हटूनच बसला. घरात सगळे वकील, आणि मुलाच्या जिभेखाली दोरी म्हणजे काय!

"सिस्टर, आत्ताच कापून टाका. उद्या हा बोलणार कसा?"

"चार दिवसांत दूध पिऊन टम्म झालाय तो. आईला दुखत नाही, वजन चढतंय. मग कात्री कशाला? तो काय शिवायला टाकलेला सदरा आहे?"

"पण बोलायला उशीर झाला तर?"

"दोरीमुळे उशीर होत नाही हो. पुढे एखादा उच्चार अडलाच तर तेव्हा दाखवा, उच्चार शिकवणाऱ्या बाई असतात. पुष्कळांना दोरी असते आणि काही म्हणजे काही अडत नाही. आणि वकिलाचा मुलगा गप्प बसेल याची भीती तुम्हाला वाटतेच कशी?"

काही बाळांचं मात्र अडायचं. उशी उंच करून बघितली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, जबडा मोठा उघडेपर्यंत थांबून मगच जवळ घेतलं, तरी तोंड घसरायचं. पिताना टक्‌टक्‌ आवाज यायचा, आईच्या स्तनांना चिरा पडायच्या आणि वजनाचा काटा जागचा हलायचा नाही. अशा बाळाला ती डॉक्टरांकडे न्यायची. चादरीत घट्ट गुंडाळायचं, डोकं तिने धरायचं, डॉक्टरांनी बोथट टोकाच्या कात्रीने दोरी सोडवायची. काही सेकंदांचं काम. एखाददुसरा थेंब रक्त, की लगेच बाळ आईच्या छातीशी. त्यानंतरचा क्षण तिला फार आवडायचा. आईचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली यायचे.

निवृत्त झाल्यावर ती जे आठवत बसायची ते हेच. लोखंडी खाटांवर दुपारी पडणारं तिरपं ऊन, उकळत्या पाण्यातल्या भांड्यांची खुडबुड, काट्याच्या झोळीत पाय झाडणारी बाळं, आणि चादरींच्या खोलीत उभ्याउभ्या डबा खाणाऱ्या त्या दोघी: ती आणि तिची जिवलग, सोबत लागलेली दुसरी सिस्टर. दिवस कसे भुर्रकन गेले! आता त्या वॉर्डात फरश्या नव्या आहेत, काटा आकडे दाखवतो, पण ती खुडबुड कुठेच ऐकू येत नाही, आणि त्याचं तिला खरंच वाईट वाटतं.

तिचा मुलगाही त्याच वॉर्डात जन्मला. चौतीस वर्षं झाली त्याला. तेव्हा सगळ्यांनी तिला कोपऱ्यातली चांगली खोली दिली. बाळाचं कार्ड जिवलग सिस्टरने भरलं. त्यात रकाने होते: डोळे, कान, टाळू, जीभ. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. तिसऱ्या दिवसापासून करंगळीबाईला पाजताना डोळ्यांत पाणी यायचं इतकं दुखायचं. पण दुसऱ्या बायकांना 'दुखलं तर लगेच सांगा' म्हणणारी ही बाई स्वतः मात्र दात आवळून बसली. नर्सनेच रडगाणं गायचं म्हणजे काय? दीड महिन्याने ती कामावर गेली, बाळ बाटलीवर लागलं, गुटगुटीत झालं आणि विषय संपला.

मुलगा वेळेवर बोलायला लागला. फक्त 'र' त्याच्या तोंडात विरघळून जायचा. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक. "मामावर गेलाय," ती म्हणायची, कारण तिचा भाऊही असाच बोबडा बोलायचा. शाळेत पोरांनी कौतुक केलं नाही, चिडवून चिडवून बेजार केलं. मुलगा हळूहळू गप्प झाला. ती त्याला लाडाने मौनीबाबा म्हणायला लागली. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली तर म्हणायची, "स्वभावच आहे हो त्याचा. बडबड्यांपेक्षा बरा." नवरा लवकर गेला, तिच्या पाळ्या सांभाळून दोघांचं आयुष्य सुरू राहिलं, आणि घरात एक शांत मुलगा आहे हे तिला सुखाचंच वाटलं. मोठा होऊन तो शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागला. मशिन फिरवायचं, कान लावायचा, स्क्रू पिळायचा. त्या कामात बोलावं लागत नाही.

मग नात झाली, आणि दिव्याखालचा अंधार तिला दिसला.

सासू झाल्यावर तिने एक पण केला होता: सुनेच्या बाळंतपणात नाक खुपसायचं नाही. वॉर्डातल्या नाक खुपसणाऱ्या सासवा तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. म्हणून आपल्याच जुन्या वॉर्डात ती पाहुणीसारखी बसली, बाळाला दुरून पाहिलं. घरी आल्यावरही सून पाजायला बसली की ती मुद्दाम दुसऱ्या खोलीत जायची. दाराआडून टक्‌टक्‌ ऐकू यायचं. ते घड्याळ आहे असं तिने मनाला समजावलं. खोटं कशाला बोला, त्या खोलीत घड्याळ नव्हतंच.

चौदाव्या दिवशी ती, सून आणि मुलगा बाळाला वजनाला घेऊन गेले. जन्मताना तीन किलो शंभर होतं. काट्याने दोन किलो आठशे दाखवलं. सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "आई, मला आईच होता येत नाहीये. ती जवळ आली की मला भीती वाटते हो, पोटच्या पोरीची."

करंगळीबाईने बाळाचं कार्ड ओढून घेतलं. जीभ: बरोबरची खूण. खाली सही होती काट्यापाशी उभ्या असलेल्या तरुण सिस्टरची.

"तुम्ही बोट घालून बघितलं होतं का?"

सिस्टरचा चेहरा पडला. "मॅडम... तुमची नात. मला वाटलं, तुम्ही बघितलंच असेल. तुम्ही बसलेल्या असताना मी कशी तपासू?"

करंगळीबाई बेसिनकडे वळली. तिने हात कोपरापर्यंत धुतले, सहा वर्षांनी. सुनेला विचारलं, "बघू का गं?" आणि सुनेने मान हलवल्यावर बोट आत घातलं. मधोमध अडलं. बाळ रडलं तेव्हा जिभेच्या टोकाला खाच पडली, आणि टोक खालच्या हिरडीच्या वर काही गेलं नाही.

डॉक्टर तरुण होती, पण घाईची नव्हती. तिने बाळाला नीट तपासलं, बाकी काही दुखणं नाही याची खात्री केली. "तुमचाच नियम पाळू," ती म्हणाली. "दोन दिवस नीट जवळ घेऊन पाजायचा प्रयत्न करा. प्रत्येक वेळी दूध काढून वाटी-चमच्यानेही द्या, तिचं पोट भरायला हवं. परवा परत वजन. तेव्हाही नाही जमलं तर सोडवू या. घरात आणखी कुणाची आहे का अशी जीभ? हे पुष्कळदा घराण्यात उतरतं."

"माझा भाऊ जरा बोबडा—" करंगळीबाई म्हणाली आणि तिथेच थांबली. शेजारी मुलगा उभा होता, हातात दुपटं घेऊन, नेहमीसारखा गप्प.

घरी येताच तिने कपाटाच्या तळातून जुनी फाइल काढली. पिवळं पडलेलं कार्ड. डोळे, कान, टाळू, जीभ. चारही खुणा एका दमात मारलेल्या, शेवटची तर अर्धी रेघेबाहेर. तिने जिवलग सिस्टरला फोन लावला.

"माझ्या मुलाची जीभ तू बघितली होतीस का?"

मग जिवलग म्हणाली, "अगं, तुझा मुलगा. करंगळीबाईच्या बाळाच्या तोंडात मी बोट घालू? मला वाटलं, तू बघितलीस."

"मला वाटलं, तू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एकीने म्हटलं आणि दुसरीला हसू आलं नाही.

दोन दिवस करंगळीबाईने सुनेच्या पाठीशी उश्या रचल्या. "वाकू नकोस, बाळाला वर आण. थांब, अजून थांब, मोठा आ करू दे. आता." दुखणं थोडं कमी झालं. वाटीतल्या दुधाने बाळ तरतरीत झालं. पण छातीशी घेतलं की तोंड घसरायचं, टक्‌टक्‌ चालूच, आणि दहा मिनिटांत पोर थकून झोपी जायची. परवाच्या वजनाला काटा थोडा चढला, तो सगळा वाटीचा प्रताप. डॉक्टर म्हणाली, "माझ्या मते सोडवावी. पण निर्णय आईबापांचा. विचार करून सांगा."

सून तयार होती. मुलगा नाही. जेवणाच्या टेबलावर त्याने एक मशिन उघडून ठेवलं होतं. मान वर न करता तो म्हणाला, "नाही कापायचं. इवलंसं तोंड ते. मामाचं काय बिघडलं? बाटली द्या. मी नाही का वाढलो?"

"बाटली द्यायला माझी ना नाही," करंगळीबाई म्हणाली. "बाटलीवर वाढलेली पोरं काही वाईट नसतात. पण हिला अंगावर पाजायचंय, आणि—"

"आई, मी सांगू?" सून मध्येच म्हणाली. "यांनी मला लग्नाचं विचारलं ते चिठ्ठी लिहून. तोंडाने विचारलं असतं तर तू हसली असतीस, म्हणाले. गिऱ्हाइकाचा फोन आला की मला देतात. दुकानात ब्रेड कधी मागत नाहीत, पाव मागतात. हिरवा दोरा हवा असला तर बोटाने दाखवतात. तुम्ही म्हणता स्वभाव आहे. आई, ते स्वभावाने गप्प नाहीत. ते प्रत्येक शब्द आधी मनात तपासून घेतात, त्यात 'र' आहे का म्हणून."

करंगळीबाईने उठून कपाटातून जुनी फाइल आणली. मुलगा हिरवा दोरा बोटाने दाखवतो हे तिने शंभर वेळा पाहिलं होतं. हजारो लेकरांची तोंडं बघणाऱ्या बाईने आपल्या लेकराचं तोंड सोडून सगळं पाहिलं होतं. तिने पिवळं कार्ड मशिनशेजारी ठेवलं.

"ही खूण खोटी आहे. कुणी बघितलंच नाही. तिला वाटलं मी, मला वाटलं ती. तुला मौनीबाबा म्हणून मी चारचौघांत मिरवलं. चूक माझी आहे, बाळा. तुझी जीभ बघायचं काम माझं होतं."

मुलाने कार्ड हातात घेतलं. मग त्याने मशिनमधला दोरा बोटाने ताणला आणि विचारलं, "ताण किती आहे तिचा?"

"एवढा." तिने तोच दोरा धरून दाखवला. "टाका बसतच नाही, इतका."

मशिनवाल्याला ती भाषा कळली. "मग सोडवू," तो म्हणाला. "पण डोकं तू पकड."

दुसऱ्या दिवशी तिने डोकं धरलं. सहा वर्षं झाली होती, पण हातांना सगळं आठवत होतं. मुलगा दाराशी पाठ फिरवून उभा राहिला. बाळ एकदा किंचाळलं, आणि तो चादरीत गुंडाळल्याचा राग जास्त होता. एक थेंब रक्त. डॉक्टरने बाळाला सुनेच्या मांडीवर दिलं. पहिल्यांदा तोंड घसरलं, दुसऱ्यांदाही. "शिकेल, तिलाही सवय व्हायला हवी," डॉक्टर म्हणाली. तिसऱ्यांदा सुनेने मोठा आ होईपर्यंत वाट पाहिली. मग खोलीत टक्‌टक्‌ नव्हतं. घोट, घोट, आणि मध्ये श्वास. सुनेचे खांदे खाली आले. करंगळीबाई खिडकीपाशी गेली आणि पोटभर रडली. लाजली नाही.

आठवड्याभरात बाळाने जन्माचं वजन गाठलं. त्या दिवशी दुपारी सून आणि बाळ दोघी झोपल्या होत्या. करंगळीबाई खिडकीशी बसून नख कापत होती. मुलगा समोर खुर्ची ओढून बसला. काही न बोलता त्याने तोंड उघडलं आणि जीभ वर करायचा प्रयत्न केला.

ती उठली. हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, परत आली. चौतीस वर्षांच्या बाप्याच्या तोंडात तिने करंगळी घातली, या गालापासून त्या गालाकडे. मध्ये अडली. जाड, आखूड दोरी.

"आहे," ती म्हणाली.

"मग मी मुळातला गप्प नव्हतो?"

तिला खोटं बोलवेना. "ठाऊक नाही रे. सगळं दोरीमुळेच झालं असंही नाही. पोरांनी चिडवलं, मी हसले. आता डॉक्टरला दाखवू. उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ. एवढ्या वर्षांची सवय आहे, नुसत्या कात्रीने जाणार नाही. पण तू मुळातला कसा होतास ते मला खरंच ठाऊक नाही. मी कधी ऐकूनच घेतलं नाही."

तो क्षणभर थांबला. नेहमीसारखा शब्द तपासत असणार. मग तपासणं सोडून बोलला, "माझ्या पोरीला मी रोज रात्री गोष्ट सांगणार. राजाची, राक्षसाची, कुठलीही. आधी तू ऐक."

ते सगळे 'र' त्याच्या तोंडात अजून विरघळत होते. तो बिचकून तिच्याकडे बघत होता. तिने डोळे त्याच्यावरून न काढता टेबलावरचं पिवळं कार्ड पुढे ओढलं, जिभेपुढची खूण खोडली, त्या दिवसाची तारीख घातली आणि शेजारी लिहिलं, 'पाहिली'. मग पेन बाजूला ठेवलं. त्या दुपारी तो चहाची वेळ टळून जाईपर्यंत बोलत राहिला, आणि करंगळीबाईने त्याला एकदाही मध्ये थांबवलं नाही.